दिल्ली–काबूल, एक हजार किलोमीटर

27 फेब्रुवारी 2019 रोजी मी दिल्लीत एका विमान कंपनीच्या नियंत्रण कक्षात फ्लाइट डिस्पॅचर, म्हणजे उड्डाणाचा मार्ग आणि इंधन यांचा आराखडा आखणारा, म्हणून दिवसपाळीवर होतो आणि दुपारच्या काबूल विमानाचा आराखडा माझ्याकडे होता. या दोन विमानतळांमधले सरळ अंतर जेमतेम 1,000 किलोमीटर, म्हणजे दिल्ली–मुंबईपेक्षाही कमी आहे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, त्यामुळे जाताना परतीपेक्षा पाव-अर्धा तास जास्त लागतो. तरी दोन तासांच्या आसपास विमान उतरते.

त्या दिवशी पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र बंद केल्याचा नोटॅम, म्हणजे वैमानिक आणि विमान कंपन्यांसाठीची अधिकृत सूचना, आला आणि माझ्या आराखड्यातल्या मार्गाचा मधला मोठा भाग पुसला गेला. नकाशावर एकच वाट उरली होती: दिल्लीहून नैऋत्येला गुजरातपर्यंत, तिथून अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने, मग उत्तरेकडे वळून इराण, आणि शेवटी पश्चिमेकडून अफगाणिस्तानात प्रवेश. मी ती संगणकात भरली, तेव्हा अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या वर आणि वेळ पाच तासांच्या जवळ गेली. आकडा चुकला असावा असे वाटून मी तो पुन्हा काढला. चूक नव्हती.

खरी अडचण इंधनाची होती. काबूलला इंधन न भरता परतीचे इंधन दिल्लीहूनच न्यायची आमची पद्धत होती आणि एवढ्या लहान मार्गावर ती सहज निभत असे. आता मात्र परतीसाठीच राखीव साठ्यासह सुमारे 14 टन इंधन घेऊन काबूलला उतरावे लागणार होते. एअरबस ए-320 ला उतरताना सुमारे 66 टनांपेक्षा जास्त वजन चालत नाही. प्रवासी आणि सामान धरले तर इंधनासाठी सात-आठ टनांचीच जागा उरत होती. प्रवासी कमी करून पाहिले, तरी गणित जमेना, आणि वैमानिकांच्या कामाचे तासही त्याच वेळी भरत चालले होते. कॅप्टनशी फोनवर बोललो. दोघांचेही मत एकच होते. मी उड्डाण रद्द करण्याची शिफारस केली.

त्या विमानात दिल्लीत उपचार घेऊन घरी परतणारे अनेक अफगाण रुग्ण होते. काउंटरवरच्या सहकारी मुलीने फोन केला. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर वडिलांना घरी नेणारा एक मुलगा तिच्यासमोर उभा होता आणि काबूलचे हवामान बिघडले आहे का, असे विचारत होता. ‘तांत्रिक कारण’ असे मोघम उत्तर देऊ नका, वाट बंद झाली आहे असे स्पष्ट सांगा, असे मी तिला म्हटले. आजारी माणसाला घेऊन थांबायचे की दुसरी सोय पाहायची, हे त्या मुलाला ठरवायचे होते. वाट कधी उघडेल, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. मी नोटॅमवरची मुदत वाचून सांगितली. ती पुढे वारंवार वाढत गेली आणि पाकिस्तानचे हवाई क्षेत्र पूर्ण खुले व्हायला 16 जुलै उजाडला.