पूरिया कल्याण राहून गेला

गेल्या डिसेंबरात पश्चिम नागपुरातल्या एका मैदानावर शास्त्रीय गाण्याची मैफल होती. रात्री बरोबर दहाला स्पीकर बंद झाले, तेव्हा गायिका भैरवीच्या अंतऱ्यावर होत्या. बंद करणारा हात माझा होता. त्या दिवसापासून ओळखीचे, अनोळखी, आयोजक, सगळे मला एकच विचारतात, दोन मिनिटं थांबला असतात तर काय बिघडलं असतं? मी ज्याला त्याला उत्तर देतो, पण त्या संध्याकाळचा खरा हिशेब त्या दोन मिनिटांत नाही. म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

मी साउंडचं काम करतो. नाटकं, सुगम संगीत, ऑर्केस्ट्रा, सगळंच करतो, पण जीव शास्त्रीय गाण्यात. ट्रक उतरवणं, केबल ओढणं, जनरेटर आणि अर्थिंग तपासणं, हे कुठल्याही कार्यक्रमाला तेच असतं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मैदानातल्या गाण्याबद्दल मात्र आहे.

सभागृहात भिंती असतात. त्या त्रास देतात तशा मदतही करतात. सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृह, लक्ष्मीनगरचं सायंटिफिक, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि काम करून करून तो अंगवळणी पडतो. भट सभागृहात दोन हजारांच्या आसपास माणसं बसतात. तिथे तबल्याचा डग्गा शेवटच्या रांगेपर्यंत फुगू न देता न्यायचा, तर हाताशी तयारी लागते. मैदानात यातलं काहीच नसतं. आवाज सोडला की सुटला.

त्या दिवशी खुर्च्या लांबवर मांडल्या होत्या, म्हणून स्टेजपासून तीस मीटरवर मागच्या लोकांसाठी आणखी दोन स्पीकर उभे केले. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, वायरीतून सिग्नल मात्र लगेच पोचतो. मागच्या स्पीकरला तेवढा उशीर दिला नाही, तर मागे बसलेल्या माणसाला एकच सम, तालाची पहिली मात्रा, दोनदा ऐकू येते. तीस मीटरला सुमारे ८८ मिलिसेकंद होतात. मी त्यात आणखी दहाएक मिळवतो. मग कान फसतो आणि जवळच्या स्पीकरमधून येणारा आवाजही समोर बसलेल्या गायिकेकडून येतोय असं वाटतं. हे जमलं की श्रोत्याला स्पीकर आहे हेच विसरायला होतं. माझ्या कामात याहून मोठं समाधान नाही.

दुसरी गोष्ट थंडीची. दिवसभर तापलेल्या जमिनीवरून आवाज वर वळतो आणि निघून जातो. सूर्य मावळला की आपल्याकडची जमीन झपाट्याने गार होते, वरची हवा त्या मानाने उबदार राहते, आणि आवाज पुन्हा खाली वाकतो. सात वाजता फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा खटका, जिथे असेल तिथेच ठेवला, तरी साडेनऊला तोच आवाज दोन गल्ल्यांपलीकडच्या गॅलरीत स्पष्ट ऐकू जातो. तक्रारीचे फोन नऊनंतर वाढतात त्याला लोकांची झोपेची वेळ एवढंच कारण नाही. म्हणून मी नऊनंतर आवाज हळूहळू उतरवत नेतो. श्रोत्यांना ते कळतही नाही, कारण तोवर ट्रॅफिक कमी झालेलं असतं.

वाद्यांचं दुखणं आणखी वेगळं. थंडीने तानपुऱ्याच्या तारा आखडतात आणि सूर चढतो. दव पडायला लागलं की तबल्याचं चामडं ओल धरतं आणि उतरतं. दोघं एकमेकांपासून लांब जात राहतात. तबलजीची हातोडी अशा मैफलीत सारखी चालू असते ती उगाच नाही.

तर हे सगळं जुळवून आम्ही पाच वाजता साउंड चेक केला. गायिका धारवाडकडच्या, वयाने साठीच्या पुढच्या. तानपुरे स्वतः जुळवले. तारेखालचा जवारीचा दोरा नखाने केसभर सरकवायच्या, तार छेडायच्या, डोळे मिटून ऐकायच्या, पुन्हा सरकवायच्या. गाणाऱ्याला स्वतःला ऐकायला समोर एक स्पीकर असतो, मॉनिटर. मला म्हणाल्या, "मॉनिटरमध्ये फक्त तानपुरा द्या. माझा आवाज मला नको." असं सांगणारे कलाकार आता क्वचित भेटतात. मग त्यांनी पूरिया कल्याण रागाचा एक आलाप घेतला, फक्त माइक बघायला म्हणून. कोमल रिषभावरून षड्जावर आल्या आणि खुर्च्या लावणारी पोरं हातातलं काम ठेवून उभी राहिली. साडेसहाचा कार्यक्रम, पावणेसातला गाणं सुरू होईल असं त्यांना सांगितलेलं. संध्याकाळच्या त्या वेळेला शोभतो तो हाच राग. तबलजींशी, हार्मोनियमवाल्यांशी तसं बोलणंही झालं होतं.

गाणं सुरू झालं आठ वाजून पंचवीस मिनिटांनी.

मधल्या वेळात काय झालं ते नागपूरकरांना सांगायला नको. पाहुणे यायला उशीर, मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, प्रायोजकांचे सत्कार, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो, पुन्हा फोटो कारण कोणीतरी डोळे मिटले होते. मग भाषणं. एका वक्त्यांनी शास्त्रीय संगीताला उतरती कळा लागल्याबद्दल वीस मिनिटं खंत व्यक्त केली आणि त्या वेळी गाणाऱ्या बाई स्टेजमागच्या कनातीत शाल पांघरून बसून होत्या. मी पोडियमचा माइक सांभाळत होतो. माझ्या हेडफोनमध्ये एका कानात भाषण आणि दुसऱ्या कानात, स्टेजवरचा माइक उघडा होता म्हणून, थंडीत चढत चाललेला तानपुरा.

याच शहरातल्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी 'कट्यार काळजात घुसली' लिहिलं आणि बसवलं. १९६७ साली वसंतराव देशपांडे त्यात खाँसाहेब म्हणून उभे राहिले. त्या वसंतरावांच्या नावाच्या सभागृहात आजही लोक ऐकायला येतात, मन लावून ऐकतात. नागपूरचा श्रोता वाईट नाही, उलट फार चांगला आहे. त्या रात्रीही स्वेटर-मफलर घालून, थर्मासात चहा घेऊन आलेल्या आजी-आजोबांनी दीड तास भाषणं सोसली आणि उठले नाहीत. आपल्या आयोजकांना मात्र एक गोष्ट अजून कळलेली नाही. व्यावसायिक नाटकाला तिसरी घंटा असते. ती झाली की मंत्री आले तरी पडदा थांबत नाही, कारण नंतरचा प्रयोग असतो, गाडी पुढच्या गावी जायची असते. गाण्याला तिसरी घंटा नाही. म्हणून सगळ्यांचा उशीर गाण्यात मुरवला जातो.

सव्वाआठला बाई स्टेजवर आल्या, तानपुरे पुन्हा जुळवले आणि माइकवर कोणाबद्दल एक शब्द न बोलता बागेश्री सुरू केला. पूरिया कल्याणची वेळ टळून गेली होती. विलंबित एकताल, एक आवर्तन जवळजवळ मिनिटाचं. घाई नाही. मी कितीतरी मैफली केल्या आहेत, पण मध्यमावर इतकं निवांत थांबणं फार थोड्यांकडे ऐकलं. शेवटच्या रांगेतसुद्धा कोणी मोबाइल काढलेला दिसत नव्हता.

बरोबर नऊला, ख्याल संपून द्रुत सुरू व्हायच्या आत, निवेदक स्टेजवर आले. आणखी एक मान्यवर पोचले होते, त्यांचा सत्कार. तबलजींनी हातोडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? पोडियमचा माइक उघडला.

आता नियमाबद्दल, कारण अर्ध्या लोकांना तो पोलिसांचा लहरीपणा वाटतो. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. बंदिस्त सभागृहाला ते बंधन नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. तो दिवस त्या पंधरांतला नव्हता. नियम योग्य आहे असं मी मनापासून मानतो. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर ज्याच्या घरात आजारी माणूस आहे, त्याला जाऊन विचारा. या नियमाने आपल्याकडून काय नेलं तेही मला ठाऊक आहे. उघड्यावरच्या रात्रभराच्या मैफली गेल्या. मालकंस, दरबारी ज्या प्रहराला शोभतात त्या प्रहराला मैदानात आता कोणी गाऊ शकत नाही, आणि पहाटेचा ललित ऐकायला वेगळी प्रभात मैफल ठरवावी लागते. तरी नियम हवा. दहाची वेळ सगळ्यांना महिनाभर आधी माहीत असते. परवान्यावर छापलेली असते.

नऊ पन्नासला हवालदार कन्सोलपाशी आले. साधा माणूस, कानटोपी घातलेला.

"भाऊ, दहाले बंद करा लागते. कंट्रोलचे दोन फोन येऊन गेले."

"हो जी, होईल. शेवटची चीज सुरू होऊन राहिली."

"मले बी आवडते गाणं. पण वरून मलेच विचारतात."

मी आयोजकांच्या सचिवांना चिठ्ठी पाठवली. त्यांचा निरोप आला, "करा थोडं ॲडजस्ट." म्हणजे हवालदारांनी करायचं किंवा मी करायचं. गुन्हा दाखल झाला तर सामान कोणाचं जप्त होतं? साउंडवाल्याचं. आयोजकाच्या शाली कोणी जप्त करत नाही.

बाईंनाही वेळ सांगितलेली होती, पण भैरवी उरकायची कशी? नऊ त्रेपन्नला त्यांनी भैरवीत निर्गुणी भजन उचललं. स्थायी झाली, मधल्या जागा भरल्या, अंतरा आला. घड्याळ माझ्यासमोर. एकदम बटण दाबलं असतं तर तार षड्ज मधोमध तुटला असता, आणि ते मला मान्य नव्हतं. मी शेवटच्या दीड मिनिटात थोडं थोडं काढत गेलो. आधी खर्जाचे स्पीकर, सबवूफर, बंद केले, डग्ग्याचा घुमारा गेला. मग मागचे दोन स्पीकर. मग मुख्य स्पीकर, फेडर बोटाच्या टोकाने ओढत, आवर्तनाबरोबर. सगळ्यात शेवटी मॉनिटर, कारण तो त्यांचा आधार होता. दहाला मैदानावर यंत्रातून येणारा कसलाही आवाज नव्हता.

त्या गात राहिल्या. क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गात राहिल्या. मागून "आवाज! आवाज!" अशी ओरड झाली. काही लोक खुर्च्या सरकवत पुढे आले, त्या खडखडाटात पुढच्यांच्याही काही ओळी हुकल्या. पुढच्या सहा-सात रांगांना शेवट ऐकू आला, बाकीच्यांना नाही. बिनमाइकच्या गाण्याची काय जादू, असं नंतर काहींनी लिहिलं. ज्यांना ऐकू आलं त्यांनी लिहिलं. चारशे रुपयांचं तिकीट काढून मागे बसलेल्यांना त्या जादूतलं काही मिळालं नाही, आणि त्यांचा राग मला कळतो. हवालदार शेजारीच उभे होते. म्हणाले, "भोंगा बंद आहे ना? मंग गाऊ द्या त्यायले."

मग व्हायचं ते झालं. सचिव तावातावाने आले, चार लोकांत बोलले. पुण्यातला माझा एक व्यवसायबंधू फोनवर म्हणाला, मागचे स्पीकर काढलेस तसं पुढचे अगदी बारीक चालू ठेवायचेस, कोण मोजणार होतं? असेल. मला तसं करावंसं वाटलं नाही. कानाने मोजण्यावरच माझं पोट चालतं. पण मागच्या लोकांना आधी सावध करता आलं असतं का, निवेदकाकडून एक ओळ बोलवून घेता आली असती का, यावर मी अजून विचार करतो. निवेदकाला भैरवीच्या मध्ये पाठवायचं, हेही पटत नाही.

सामान आवरताना बाई निघाल्या होत्या, शिष्येने तानपुरे गवसणीत घातले होते. मी पुढे होऊन नमस्कार केला, शेवटाबद्दल काही बोलणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "शेवटाचं काही नाही हो, आवाज होता तेवढा पोचला. पण पूरिया कल्याण राहून गेला. तुमच्या त्या पाच वाजताच्या सेटिंगला फार छान बसला असता." आणि गाडीत बसल्या.

दहाच्या दोन मिनिटांवरून महिनाभर वाद चालू आहे. सातच्या पूरिया कल्याणचं कोणी नावही काढलेलं नाही, कारण तो कोणी ऐकलाच नाही. ऐकला तो मी आणि खुर्च्या लावणाऱ्या पोरांनी, एक आलापभर.

त्याच मंडळींचा फेब्रुवारीत पुढचा कार्यक्रम आहे, याच मैदानावर, सतारीचा. त्यांनी मलाच विचारलं, हे मी त्यांच्या बाजूने लिहितो. मी कोटेशनसोबत दोन ओळी लिहून दिल्या: वादन सातला सुरू व्हावं, सत्कार मध्यंतरात घ्यावेत. पोडियमचा माइक सात ते मध्यंतर बंद राहील. दोन दिवसांनी उत्तर आलं. मध्यंतराची कल्पना आवडली, फक्त प्रमुख पाहुण्यांना आठला दुसरीकडे जायचं असल्याने त्यांचा सत्कार आणि छोटंसं मनोगत आधी घ्यावं लागेल. मी अजून होकार कळवलेला नाही. सतारियांचा नंबर मिळाला आहे, आधी त्यांना विचारतो की सातला काय वाजवायचं मनात आहे.