जेऊर ते उजनीचं पाणी: जीपवाल्याला पैसे शेवटी द्या

'सैराट' बघून उजनीच्या पाण्यावर जायचं ठरवलं असेल तर मे महिन्यात जाऊ नका. आम्ही गेलो आणि फसलो.

'सैराट'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. जेऊर पुणे-सोलापूर रेल्वेवर आहे, पण सगळ्या एक्सप्रेस थांबत नाहीत, आधी बघून घ्या. करमाळ्याची कमलाभवानी आणि तिथली ९६ पायऱ्यांची बारव अर्ध्या दिवसात आरामात होते.

त्रास नंतर. जीपवाल्यानं "अगदी पाण्यापर्यंत सोडतो" म्हणून १८०० रुपये आधीच घेतले आणि उसाचा शेवटचा फड संपला तिथं उतरवलं. पाणी लांबवर नुसतं चकाकत होतं. मधे गाळ. वरून वाळून भेगाळलेला, पाय टाकला की खपली फुटते आणि खाली काळं लोणी. आधी घोट्यापर्यंत, मग पार गुडघ्यापर्यंत. त्यात शिंपल्यांच्या धारदार कपच्या. माझी एक सँडल आत गेली ती गेलीच. तेवढ्या अंतराला सव्वा तास लागला. बंद बूट घाला, काठी घ्या, म्हशींच्या खुरांची वाट दिसेल तीच धरा. सावली कुठंच नाही. माणशी तीन लिटर पाणी हवंच. आणि पैसे पाणी पायाशी आल्यावर द्या.

काठाला मच्छीमारांची पालं होती. एक बाई चिलापी साफ करत होती, मनगटापर्यंत खवले चिकटलेले. तिथून मागं वळून बघितलं तर उसाची हिरवी भिंत. पाणी एकच. जमीन आहे त्याला ऊस आणि केळी, नाही त्याला जाळं. आर्चीचं घर त्या बागायतीतलं, परश्याचं मासेमारीवरचं. सिनेमात हे कुणी बोलून दाखवत नाही, आणि मी इतकी वर्षं ते पाणी गाण्यापुरतंच बघत होतो. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. मंजुळ्यांची पिढी ही वाटणी बघतच वाढली.

परतीच्या वाटेवर, पाणी न पोचलेल्या माळाला, बाभळी लागल्या. मंजुळ्यांच्याच 'फँड्री' सिनेमात जब्या हा पोरगा काळ्या चिमणीमागं असल्याच काट्यांतून पळतो. अनवाणी पायात दोन काटे मोडले. रात्री लॉजवर सुईनं काढता काढता मोबाईलवर 'फँड्री' पुन्हा लावला. या वेळी नजर सगळा वेळ पोरांच्या पायांकडंच.

वर मे नको म्हटलं, ते खोडतो. पाणी तुडुंब असताना पालं आणि ऊस यांच्यातलं ते अंतर दिसणारच नाही. मे महिन्यातच जा. पहाटे सहाला गाळात उतरा, दहाच्या आत बाहेर या.