आजीचं नाव

श्रावणातला दुसरा शुक्रवार, रात्र.

काल फोनवर लेक सहज म्हणाली, "आई, बेबाचं नाव ठरलं बरं का. आजीचंच ठेवायचंय." मला एकदम भरून आलं. पदर डोळ्यांकडे नेला, तोवर तिचं पुढचं वाक्य आलं. "परास्केवी. बाप्तिस्मा सप्टेंबरात."

आजी म्हणजे ती आजी. तिकडची, ग्रीसमधली. जावयांची आई.

दोन-तीन सेकंदांचंच काय ते. पण तेवढ्यात मी जे समजून बसले होते ते अजून मनातून उतरत नाही. लेकीनं पदर बघितला असेल का? लगेच पावसाचं विचारलं, म्हणजे बघितला असणार.

रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. लग्न ठरलं तेव्हाच जावयांनी सांगितलं होतं. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं, मग दुसऱ्या खेपेला आईकडच्यांचं. म्हणून तर त्यांच्या घरात दोन पुतण्या एकाच नावाच्या आहेत. एकीला एवी म्हणतात, दुसरीला वूला. दोघींचं खरं नाव परास्केवी, आता ही तिसरी. काल जावई मागून म्हणाले, दुसरी झाली की तुमचं. ते मनापासूनच म्हणाले. पण मला तो 'आजीचंच' मधला 'च' लागला. जणू दुसरी आजी नाहीच.

सहा महिने मी वहीत ग्रीक नावं लिहून काढत होते. मुलगी सलोनिकात वाढणार, शाळेत तिकडचीच हाक ऐकणार, तेव्हा नाव तिकडचंच असावं हे मी आधीच मान्य केलं होतं. अर्थ तेवढा आपल्या ओळखीचा असावा, एवढंच. झोई म्हणजे जीवन. इरिनी म्हणजे शांती. सोफिया, प्रज्ञा. एल्पिदा म्हणजे सरळ आपली आशा. ख्रिसांथी म्हणजे सोन्याच्या फुलाची, आपल्या शेवंतीचं शास्त्रीय नाव त्याच शब्दांवरून आलंय. जावयांचं थिओडोरोस म्हणजे देवानं दिलेला, आपला देवदत्त. त्यांचं 'दोरोन' आणि आपलं 'दत्त' मुळात एकाच धातूचे, देण्याच्या. हे कळलं त्या रात्री जावई मला घरचे वाटायला लागले होते.

वहीच्या शेवटच्या पानावर एक मराठी नावही होतं. ते कुणाचं ते लेकीला माहीत आहे. असो.

आणि परास्केवी म्हणजे काय, तर शुक्रवार. इतकी गोड नावं असताना वाराचं नाव. रात्री दोनला उठून पाणी प्यायले तरी तेच डोक्यात.

मग अंधारात पडल्या पडल्या वाटलं, आजीचं म्हणजे माझं ठेवलं असतं, तर कोणतं ठेवलं असतं? माहेरी सतरा वर्षं ज्या नावानं हाका ऐकल्या ते लग्नात गेलं. ताम्हनात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. जुन्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. लेकीचं मात्र तिथे काही बदललं नाही. ग्रीसमध्ये 1983 च्या कायद्यापासून बाई लग्नानंतरही आपलं माहेरचंच आडनाव लावते. ते कळलं तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

पहाटे पुरण शिजवताना अलिबागची आठवण आली. वहीत शुक्रवारच्या पुढे मी कंसात 'तयारी' असं लिहून ठेवलंय. परास्केवीचा मूळ अर्थ तोच. ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो, त्याआधी सगळं उरकायचं, म्हणून तो तयारीचा वार. आमच्या मागच्या दारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब होतं. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. तिथली मावशी शुक्रवारी दुपारपासून पदर खोचून नुसती धावत असायची. दुसऱ्या दिवसाचं रांधून ठेवायचं, पितळी पातेली राखेनं घासून पडवीत उपडी घालायची, आम्हा पोरांना ओरडत ओरडत हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवायची. आणि दिवेलागणीला तिचं घर एकदम शांत व्हायचं. आम्ही कुंपणापाशी उभं राहून ती शांतता ऐकायचो. हा शब्द म्हणजे ती मावशी असेल, तर वाईट काय आहे?

आणि मी तरी आज काय करत होते? जिवतीच्या शुक्रवारची तयारीच की. आघाड्याची माळ, दुर्वा, पुरणाचे पाच दिवे. लेकरांसाठी आई जो वार धरते तो हाच. लेक परदेशी गेल्यापासून मी चारी दिशांना अक्षता टाकते.

विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात फोनच्या मागे एक तसबीर दिसते. हातात तबक, तबकात दोन डोळे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला धस्स झालं होतं. ती संत परास्केवी, डोळे सांभाळणारी. 26 जुलैला तिचा सण, त्या नावाच्या सगळ्यांचा नामदिवस. तसबिरीला पत्र्याचे बारीक डोळे टांगलेले. आपण देवीला नवसाचे चांदीचे डोळे वाहतो, अगदी तसे.

आज दुपारी दीडला फोन लावला, तिकडे अकरा वाजले होते. बेबा विहीणबाईंच्या मांडीवर होती. मी फोन पाटावर उभा केला आणि पुरणाच्या दिव्यांनी ओवाळलं. विहीणबाईंनी लेकीला काहीतरी विचारलं. लेक बराच वेळ ग्रीकमध्ये समजावत होती. मला त्यातला एकच शब्द कळला, परास्केवी. विहीणबाईंनी छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मग मी बेबाला पहिल्यांदा त्या नावानं हाक मारली. चुकली. जोर शेवटच्या अक्षरावर द्यायचा असतो, विहीणबाईंनी म्हणून दाखवलं. परास्केवीऽ. मी परत म्हणाले.

"ने," त्या म्हणाल्या. त्यांच्यात ने म्हणजे हो.

बेबा दिव्यांकडे बघत होती.