बीपी १२४/७८ आलं म्हणून गोळी बंद करू का?

परवा रात्री ताईचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "अगं, आज १२४/७८! आठवडाभर असंच येतंय. आता गोळ्या सोडून देते."

"ताई, ते १२४ तुझं नाही, गोळीचं आहे," मी म्हटलं.

जरा तोडूनच बोलले, पण मला राहवेना. सहा वर्षांपूर्वी नेमका हाच हिशेब मी केला होता. बीपीचं निदान होऊन तेव्हा चार महिने झाले होते. रोज सकाळी टेल्मिसार्टन ४० घेत होते. मशीनवर आकडे छान दिसायला लागले आणि मी कुणाला न विचारता गोळी थांबवली. त्रास काहीच झाला नाही. डोकं दुखलं नाही की चक्कर आली नाही, उलट हलकं वाटत होतं. तीन आठवड्यांनी डोळे तपासायला गेले, तिथे सहज बीपी बघितलं तर १७२/१०४. तो आकडा बघून मी घाबरले ते आजही आठवतं, कारण त्या क्षणीसुद्धा मला अगदी ठणठणीत वाटत होतं.

रक्तवाहिन्या आकुंचित करणारं एक रसायन शरीरात असतं, टेल्मिसार्टन त्याला अडवते. गोळी अंगात आहे तोवर वाहिन्या सैल. गोळी संपली की त्या पुन्हा आपल्या जुन्या वळणावर जातात. ताप उतरल्यावर जसं औषध बंद करतो तसं इथे करता येत नाही. वजन उतरलं, मीठ कमी केलं तर डोस खाली येऊ शकतो, पण तो डॉक्टर हळूहळू, मोजून आणतात.

ताईला विचारलं, "कोणत्या गोळ्या आहेत तुझ्या?"

"एक पांढरी छोटी, आणि एक जरा लांबट."

"नावं वाच."

चष्मा शोधण्यात दोन मिनिटं गेली. मग कळलं की डबीत मावाव्यात म्हणून तिने पट्ट्या कात्रीने कापल्या होत्या. एका तुकड्यावर फक्त 'प्रोलॉल' उरलं होतं आणि एक्स्पायरीची तारीख कचऱ्यात गेली होती. जुनी चिठ्ठी काढून बघितली तेव्हा उलगडा झाला: अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि मेटोप्रोलॉल. माझ्या पोटात गोळाच आला. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल या जातीच्या गोळ्या एकदम तोडल्या तर नाडी धावायला लागते, बीपी उसळतं, आणि हृदयाचा त्रास असलेल्याला छातीत दुखण्यापर्यंत वेळ येऊ शकते. क्लोनिडिन या बीपीच्या गोळीचंही तसंच, तिथे तर बीपी आधीपेक्षाही वर जाऊ शकतं. शिवाय ताईची मेटोप्रोलॉल दिवसभर हळूहळू विरघळणारी आहे, म्हणजे ती चुरडून किंवा चावून घ्यायची नाही.

मग मी विचारलं, "खरं सांग, गोळी नकोशी का झालीय?"

थोडा वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "संध्याकाळी घोटे सुजतात गं. चपलेचा पट्टा काढला की खाच उमटलेली असते, बोटाने दाबलं तर खड्डा पडतो. वाटलं किडनी गेली."

दोन महिने ती हे मनात घेऊन बसली होती. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजणं हा अगदी ओळखीचा त्रास आहे. वाहिन्या रुंदावल्या की पाणी खाली झिरपतं, म्हणून लघवीची गोळी देऊनही ही सूज फारशी उतरत नाही. डोस कमी केला, जोडीला वेगळ्या जातीची गोळी दिली किंवा गोळीच बदलली तर फरक पडतो. सूज दुसऱ्या कारणानेही येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी पाय बघायलाच हवेत. एनालाप्रिल, रॅमिप्रिल घेणाऱ्यांना असाच कोरडा खोकला लागतो आणि लोक महिनोन्‌महिने खोकल्याची औषधं पीत राहतात. त्याच गोळ्यांनी ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र वाट बघत थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

न सांगण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. दोन वर्षांपूर्वी गुडघा धरला म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन आणली आणि दहा दिवस दिवसातून तीनदा घेतली. तोवर माझ्या टेल्मिसार्टनला लघवीच्या गोळीची जोड मिळाली होती. बीपी १५० च्या पुढे गेलं, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, ०.९ वरून १.४ वर. डॉक्टरांनी समजावलं, की आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी अंगात मीठ-पाणी साठतं आणि बीपी चढतं. आणि माझ्या त्या दोन गोळ्यांच्या जोडीला ही तिसरी आली की किडनीचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. वेदनाशामक थांबवल्यावर क्रिएटिनिन खाली आलं, पण ते तीन आठवडे मी नीट झोपले नाही. बीपीची गोळी चालू आहे, हे मी दुकानात बोललेच नव्हते. गुडघ्याचा आणि बीपीचा काय संबंध, असं वाटलं होतं.

आता कुठेही औषध घेताना पहिलं वाक्य तेच: बीपीची गोळी चालू आहे. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांत फेनिलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन असतं, ते बीपी चढवतं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम भरपूर असतं. आणि 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल घेणाऱ्यांचं पोटॅशियम आधीच चढू शकतं, म्हणून ते मीठ विचारल्याशिवाय नको. उलट्या-जुलाब लागले तर मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करते, कारण अंगातलं पाणी कमी झाल्यावर माझ्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागू शकतात. हे ठरवणार तेच, मी नाही.

ताईने मग सकाळी घ्यायची की रात्री, तेही विचारलं. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर याचा अभ्यास झाला. २०२२ मध्ये निकाल आला, तेव्हा हार्ट अ‍ॅटॅक आणि स्ट्रोकच्या बाबतीत दोन्ही वेळांत फरक दिसला नाही. जी वेळ चुकणार नाही ती धरायची. मी गोळी गिळल्याबरोबर, पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आधी, वहीत खूण करते. एकदा घेतली की नाही ते आठवेना म्हणून दुसरी घेतली होती, आणि त्या रात्री पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन दाराच्या चौकटीवर आदळले. राहिलेली गोळी आठवली की घ्यायची, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाही.

"आणि ते १२४ मोजलंस कसं?" मी विचारलं. तर म्हणे टीव्ही बघत, पायावर पाय टाकून, बाहीवरूनच पट्टा बांधून. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीला, आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, हे मी तिला फोनवरच करायला लावलं. १३६/८४ आलं. ती हिरमुसली. मी म्हटलं, "हेही लिही. खरं आहे ते लिही."

१८० च्या वर आकडा आला आणि छातीत दुखतंय, धाप लागलीय, बोलणं अडखळतंय किंवा एक बाजू लुळी पडतेय असं झालं, तर जास्तीची गोळी न घेता तडक हॉस्पिटल, हेही तिच्याकडून वदवून घेतलं.

शुक्रवारी तिची अपॉइंटमेंट आहे. काल तिने कागदाचा फोटो पाठवला. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'घोटे.' त्याखाली दोन्ही गोळ्यांची पूर्ण नावं, आणि रोजचे आकडे. १३६ सुद्धा.