नववीच्या पोरांचं जंगल शिबिर आणि परवानगीचा ताप (माझा अनुभव)

वसईतल्या एका मिशनरी शाळेत मी नववी-दहावीला शिकवते. सप्टेंबरात पोरांना एक दिवस जंगलात न्यायचं आम्ही ठरवलं. सहल नाही हां, वॉटरपार्क वगैरे नाही, निसर्ग शिबिर. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा चर्चमध्ये सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ असतो आणि ४ ऑक्टोबर म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण, १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणाचं काम करणाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. म्हणून हीच वेळ.

फादरांचा होकार, पालकांची संमतीपत्रं, बस, डबे, सगळं पटापट झालं. अडलं ते वनखात्याच्या एका ऑफिसात, कुठल्या ते विचारू नका.

अर्जासोबत मी दिवसाचा कार्यक्रम टाईप करून जोडला होता. त्यात पहिलीच ओळ, सकाळी ८ वाजता प्रार्थना. टेबलावरच्या साहेबांनी तिथंच बोट ठेवलं. "मॅडम, हे शैक्षणिक आहे का धार्मिक? काहीतरी एक सांगा." मी म्हटलं शैक्षणिकच, शाळेच्या लेटरहेडवर अर्ज आहे. "मग प्रार्थना कशाला?" आता शाळा रोज सकाळी प्रार्थनेनेच सुरू होते ना, सरकारी शाळासुद्धा, पण ते कोण ऐकतंय. धार्मिक कार्यक्रमाला पोलिसांचं ना-हरकत लागेल म्हणाले. पोलीस स्टेशनला गेले तर तिथले हवालदार हसायला लागले, जंगलात आमचं काय काम, वनखात्याकडे जा. परत वनखात्यात. साहेब रजेवर. मग गणपती आले, गौरी आल्या, विसर्जन झालं, माझा कागद तिथंच फायलीत. फोन केला की "टपालात आहे". इकडे पोरं रोज विचारतायत टीचर कधी जायचं, आणि बसवाला ॲडव्हान्स मागतोय. कोणी सुचवलं प्रार्थना काढून 'योग' लिहा, लगेच पास होईल. मी नाही लिहिलं. जे करणार तेच लिहीन, हट्ट म्हणा हवं तर.

शेवटी सरळ आरएफओ साहेबांना, म्हणजे वनक्षेत्रपालांना भेटले. त्यांनी कागद नीट वाचला (पहिला माणूस ज्याने वाचला) आणि विचारलं, "प्रार्थनेला माईक, स्पीकर लावणार?" मी म्हटलं नाही साहेब, मुलं वीस मिनिटं गप्प बसणार, एकेक झाड धरून. "गप्प बसणार? नववीची पोरं?" हसले आणि सही केली. दोन मिनिटांचं काम हो! त्यासाठी सगळा महिना गेला.

मधल्या काळात मात्र एक बरं झालं. जंगल मिळत नाही म्हणून पोरांना जवळच्या वाडीतल्या बावखलावर (आमच्या वसईकडचं गोड्या पाण्याचं तळं) नेलं, तिथं फक्त मालकाला विचारावं लागतं, ते काका तर खूष झाले, पोरांना केळी दिली. आमच्याकडे बावखलं बुजवून बिल्डिंगा होतायत, ज्या पाण्यासाठी फादर दिब्रिटोंनी आणि हरित वसई चळवळीच्या लोकांनी आंदोलन केलं ते पाणी पोरांनी निदान जवळून बघावं. पाण्यात काय काय जिवंत आहे ते लिहून काढायला लावलं. मग संत फ्रान्सिसच्या सूर्यस्तोत्रात भाऊ सूर्य, बहीण पाणी असं आहे ना, तशी स्वतःची एक ओळ लिहायला सांगितली. एकाने लिहिलं, "हे प्रभू, भाऊ डासाबद्दलही तुझी स्तुती असो, पण थोडी कमी." त्याला मी पूर्ण मार्क दिले.

वर्गात हिंदू, मुस्लिम मुलंही आहेत. पालकांना आधीच बोलावून सांगा की प्रार्थना ज्याची त्याने करायची, गप्प मात्र सगळ्यांनी बसायचं. आम्हाला एकाही पालकाने अडवलं नाही, अडवलं ते टेबलाने.

हां, हे राहिलंच. अर्ज गणपतीच्या आधी द्या, जुलैत दिला तर उत्तम. पोच घ्या, शिक्क्यासकट, नाहीतर "मिळालाच नाही" ऐकावं लागतं. मुलांची बोनाफाईड यादी आणि सोबतच्या टीचरांच्या आधारची झेरॉक्स दोन-दोन प्रती. प्लास्टिक बाटल्या नेऊ देऊ नका, गेटवर पिशव्या तपासतात. आणि पोरांना पांढरे बूट नकोत, चिखलाने आया ओरडतात.

जंगलात तेरडा फुलला होता, कळलावीही दिसली. वीस मिनिटं म्हटलं होतं, पोरं त्याहून जास्त बसली, खरंच. 'लाउदातो सी' या पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या पत्रात आहे की संत फ्रान्सिस मठाच्या बागेचा एक तुकडा रानफुलांसाठी तसाच सोडायला सांगायचे. ते वाचून पोरांनी शाळेच्या कंपाउंडलगत एक पट्टा सोडलाय. सध्या माळीमामांशी त्यावरून भांडण चालू आहे, त्यांना ते गवत कापायचंय.