बाबांचं मॅनिटॉल आणि लघवीचा हिशोब

डोक्याला मार लागल्यामुळे बाबांच्या मेंदूला सूज आली होती. ऑपरेशनची गरज नव्हती, पण कवटीच्या आत दाब वाढायला नको, म्हणून मॅनिटॉल सुरू करतोय, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे साखरेच्याच कुळातलं आहे म्हटल्यावर मी लगेच विचारलं, "अहो, त्यांना डायबेटिस आहे, चालेल ना?"

चालतं. शिरेतून दिलेलं मॅनिटॉल शरीर जवळजवळ वापरतच नाही, त्यामुळे त्याने रक्तातली साखर चढत नाही. धडधाकट रक्तवाहिन्यांतून ते मेंदूत सहज शिरत नाही. रक्तातच राहून मेंदूतलं जास्तीचं पाणी ओढून घेतं. पुढे मूत्रपिंडातून जसंच्या तसं गाळलं जातं आणि जाताना पाणीही घेऊन जातं. काही शुगर-फ्री च्युइंगगममध्येही हेच असतं, हे नंतर वाचून मला हसूच आलं.

२० टक्क्यांची १०० मिलिलिटरची बाटली, म्हणजे २० ग्रॅम मॅनिटॉल. सिस्टर प्रत्येक बाटली आधी उजेडात धरून बघायच्या. गारव्यात त्यात खडे धरतात. तसे दिसले तर बाटली गरम करून ते विरघळवायचे, मग निववून लावायची. सलाइनच्या नळीला (सेटला) फिल्टरही असतो. अर्ध्या तासात बाटली संपायची आणि थोड्याच वेळात युरिन बॅग भरू लागायची. सुई लावलेला हात सुजला किंवा दुखला तर लगेच हाक मारा, अशी मला ताकीद होती. शिरेबाहेर गेलं तर तिथली जागा खराब होते.

खरं काम त्यानंतरचं. दर तासाला बॅगेतलं माप, आत किती गेलं, बाहेर किती आलं, सगळं चार्टवर. लघवी कमी दिसली की पुढची बाटली लावण्याआधी डॉक्टरांना फोन, कारण मूत्रपिंडाने ते बाहेर टाकलं नाही तर पाणी रक्तातच साचतं आणि भार हृदयावर, फुप्फुसांवर येतो. सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणाऱ्या क्रिएटिनिनसाठी रोज रक्त काढायचे. बाबा वैतागायचे. मला मात्र त्या आकड्यांचाच आधार वाटायचा; 'बरं वाटतंय का' या प्रश्नाला बाबा कधी खरं उत्तर देत नाहीत.

सूज उतरू लागल्यावर दोन बाटल्यांमधलं अंतर वाढवत नेलं. हे औषध लांबवलं तर ते दुखावलेल्या भागात झिरपून उलट तिथेच पाणी खेचू शकतं, म्हणून गरजेपेक्षा एक दिवसही जास्त नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. बंद केल्यावर पुन्हा क्रिएटिनिन तपासलं, ते ठीक आलं, मग कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, निघाला. तोंड कोरडं पडल्याची बाबांची तक्रार तेवढी शेवटपर्यंत राहिली, कारण पाणी किती द्यायचं तेही चार्टच ठरवायचा.