डेबियन 12 वर गेलो, पण बूट पार्टिशनने रडवलं

अपग्रेड होऊन आठवडा झाला तरी बूट पार्टिशनच्या (मशीन सुरू करणाऱ्या फायलींच्या वेगळ्या भागाच्या) त्या 240 एमबींचा राग काही जात नाही.

सर्व्हर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) 11 वर होता, 12 वर न्यायचा होता. बॅकअप घेतला, रिलीज नोट्स वाचल्या, सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून आणायची त्या यादीत) 11 च्या ‘बुल्सआय’ नावाच्या जागी 12 चं ‘बुकवर्म’ केलं. फर्मवेअरसाठी 12 पासून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा वेगळा विभाग आहे, तोही आठवणीने जोडला. रूट, म्हणजे मुख्य पार्टिशनवर जागा भरपूर होती, म्हणून निर्धास्त होतो. आधी नवी पॅकेजेस न ओढणारा साधा अपग्रेड केला, तो विनातक्रार झाला. मग फुल-अपग्रेड लावला आणि चहा करायला उठलो.

परत येऊन बघतो तर स्क्रीनवर लाल अक्षरं: डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) चालवलं. रूट निम्मं रिकामं, पण बूटचं वेगळं पार्टिशन शंभर टक्के भरलेलं. किती वर्षांपूर्वी इन्स्टॉल करताना मीच ते ठेवलं होतं, ‘कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) किती जागा लागणार’ असं म्हणत! त्यात 5.10 चे तीन कर्नल आपापल्या इनिटआरडी फायलींसह (बूट होताना कर्नलला रूटपर्यंत पोचवणाऱ्या फायली) मुक्कामाला होते आणि आता 6.1 ला जागा हवी होती. शिवाय इनिटआरडी नव्याने बनते तेव्हा आधी वेगळ्या नावाने लिहिली जाते आणि मग जुनीच्या जागी येते. म्हणजे थोडा वेळ का होईना, दोन्ही मावायला हव्यात.

मग सुरू झालं चक्र. जुना कर्नल काढायला गेलो तर एपीटी (पॅकेजेस बसवणारं-काढणारं साधन) म्हणे, आधी अर्धवट पॅकेजेस दुरुस्त करा. दुरुस्तीची कमांड दिली की ते पुन्हा इनिटआरडी बनवायला जाई आणि पुन्हा जागा नाही म्हणून थांबे. चार वेळा तेच. मी इतका वैतागलो होतो की मशीन रीबूट करायला हात शिवशिवत होते. नशीब, केलं नाही. नव्या कर्नलची इनिटआरडी बनलेलीच नसताना रीबूट केलं असतं तर रूट पार्टिशन सापडलं नसतं आणि कर्नल पॅनिक बघत बसलो असतो, तेही दूरच्या मशीनवर. तुम्ही अडकलात तर आधी हेच लक्षात ठेवा: डीपीकेजी (एपीटीच्या मागे प्रत्यक्ष पॅकेजेस बसवणारं साधन) शांत झाल्याशिवाय रीबूट नाही.

सुटलो ते असं. ‘युनेम’ कमांडला विचारून सध्या कोणता कर्नल चालू आहे ते पाहिलं, त्याला हात लावायचा नाही. उरलेल्या दोघांच्या इनिटआरडी फायली डिलीट न करता होम फोल्डरमध्ये हलवल्या. मग डीपीकेजीला उरलेलं सगळं कॉन्फिगर करायला सांगितलं आणि या वेळी ते शेवटपर्यंत गेलं. फुल-अपग्रेड पुन्हा चालवून पूर्ण केला आणि मगच ते दोन जुने कर्नल रीतसर पर्ज केले, म्हणजे पूर्ण काढून टाकले. तेवढ्यानेही भागलं नसतं तर इनिटरॅमएफएसच्या (इनिटआरडी बनवणाऱ्या साधनाच्या) कॉन्फिगमध्ये मॉड्यूल्स ‘मोस्ट’चं ‘डेप’ करणार होतो, म्हणजे बहुतेक सगळ्यांऐवजी या मशीनला लागणारीच. त्याने फाइल बरीच लहान होते, पण हार्डवेअर बदललं की बूट अडू शकतं.

हे सगळं टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी सेशन चालू ठेवणाऱ्या साधनात) चालू होतं हे सांगायचं राहिलंच. मधे एकदा एसएसएच (दूरच्या मशीनशी असलेलं कनेक्शन) तुटलं, पण काम मागे चालूच राहिलं. साध्या सेशनमध्ये असतो तर काय झालं असतं, याचा विचारही नको.

अपग्रेडमध्ये एसएसएचची कॉन्फिग फाइल तुमची ठेवायची की नवी, असा प्रश्न येतो, तेव्हा आधी फरक दाखवणारा पर्याय निवडून बघा. नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच फाइल राहते, हे त्यातल्या त्यात बरं.

पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांनो, डेबियन 12 बरोबर पोस्टग्रेस 15 आलं म्हणजे डेटा आपोआप तिकडे जात नाही. जुनं पोस्टग्रेस 13 शेजारीच चालू राहतं. क्लस्टर (डेटाबेसांचा संच) स्वतः हलवा, तपासा, मगच 13 काढा. आणि कुणी अजून डेबियन 10 वर असाल तर थेट 12 वर उडी मारू नका, 11 वरूनच या.

रीबूटनंतर लॉगिन झालो आणि आवृत्तीही न बघता पहिली कमांड दिली ती डीएफचीच.